थेंब कोण घालतं?

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून मुर्धा-राईच्या रस्त्याला लागा, मोर्व्याकडे वळा, पार उत्तनपर्यंत जा किंवा साठ फुटी रस्त्यावरच्या इमारतींचे जिने चढा. एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं: ‘मालक गेले आणि हिने रडून रडून डोळे घालवले.’ बोलणाऱ्याच्या आवाजात माया असते, ऐकणारे मान हलवतात आणि विषय तिथेच संपतो. भाईंदर पश्चिमेतल्या परिचारिकांसाठीचं हे पुस्तक त्या वाक्याविरुद्ध लिहिलेलं आहे, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते.

रडण्याने नजर जात नाही. पापण्या सुजतात, डोळे लाल होतात, तासभर धुरकट दिसतं आणि झोप झाली की पुन्हा नीट होतं. अश्रूंनी डोळ्याचं काही वाईट होत नाही. तरीही माणूस गेल्यानंतरच्या वर्षात घरातल्या म्हाताऱ्या बाईची नजर खरोखर कमी झालेली असते. म्हणजे ते वाक्य बोलणाऱ्यांनी जे पाहिलं ते खरं आहे, त्याचं कारण मात्र चुकलेलं आहे. आणि कारण चुकलं की उपायही चुकतो. ‘रडू नकोस’ असं तिला दहा जण सांगतात. ‘तुझ्या डोळ्यांचं औषध चालू आहे का’ असं एकही जण विचारत नाही.

काचबिंदूचं उदाहरण घेते. भाईंदरच्या जवळजवळ प्रत्येक इमारतीत काचबिंदूचे थेंब चालू असलेली एखादी आजी सापडेल. या आजारात डोळ्यातला दाब नजरेच्या मज्जातंतूला हळूहळू मारत जातो. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेची नजर जाते आणि समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं, त्यामुळे आजीला वाटतं सगळं ठीक आहे. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायला रोज ठरलेल्या वेळी थेंब घालावे लागतात, तेही आयुष्यभर. आता हातात कंप असलेली, बाटली नीट न दिसणारी सत्तरीची बाई स्वतःच्या डोळ्यात थेंब कसे घालणार? ते आजोबा घालायचे. रात्री बातम्या संपल्या की आजी खुर्चीत मान मागे टाकायची, आजोबा खालची पापणी ओढून एक थेंब सोडायचे आणि झाकण लावून बाटली देवघराशेजारच्या फळीवर ठेवायचे. त्या दोघांत याची कधी चर्चा झाली नसेल, डॉक्टरांनाही ते ठाऊक नसेल. आजोबा गेले, त्या रात्रीपासून थेंब बंद झाले. दहावं झालं, तेरावं झालं, पाहुणे पांगले. मुलगा सकाळी सातच्या लोकलने जातो आणि रात्री नऊला परततो. सुनेला बाटली दिसते, पण ती कशाची हे माहीत नसतं. आजी सांगत नाही, कारण ते थेंब मागणं म्हणजे आजोबांची जागा दुसऱ्या कुणाला देणं. वर्षश्राद्धाला सगळे जमतात तेव्हा आजी दाराच्या चौकटीला धडकते आणि कुणीतरी म्हणतं, रडून रडून डोळे घालवले.

म्हणून या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एकच प्रश्न छापला आहे: थेंब कोण घालतं? घरभेटीला गेलेल्या एएनएम ताईने, आशाताईने, वॉर्डातल्या सिस्टरने किंवा घरी बारा तासांच्या ड्युटीला येणाऱ्या मुलीने तो विचारावा. दुःख झालेल्या घरात विचारायला सोपा असा हा प्रश्न आहे. त्यात सांत्वनाचा आव नाही. उत्तर देताना मात्र माणूस बहुतेक वेळा थबकतो आणि मग गेलेल्या माणसाबद्दल बोलू लागतो. औषधाची चौकशी आणि शोकाची चौकशी अशा दोन वेगळ्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत.

दुःखाला डोळ्यापर्यंत पोहोचायच्या आणखी वाटा आहेत. ताण वाढला की शरीरात कॉर्टिसोल आणि ॲड्रिनलिन वाढतं आणि रक्तातली साखर चढते. मधुमेही माणसाची साखर वर-खाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं किंवा आकसतं, चष्म्याचा नंबर बदलल्यासारखं वाटतं. अशा वेळी नवा चष्मा करून घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं, आधी साखर स्थिर झाली पाहिजे. शोकाच्या घरात खाण्याचा ताल मोडतो. पहिले काही दिवस घरात चूल पेटत नाही, नातेवाईक डबे आणतात, पण इन्सुलिन ठरलेल्या वेळी टोचलं जातं. मग साखर एकदम उतरते, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि शेजारी म्हणतात, धक्क्याने चक्कर आली. काही घरांत नवऱ्याच्या मागे बाईने काही महिने उंबरा ओलांडायचा नसतो. त्या महिन्यांत डोळ्याच्या पडद्याची तपासणी चुकते, लेझरची तारीख टळते. मधुमेहात पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात तेव्हा सुरुवातीला काहीच कळत नाही, आणि कळतं तेव्हा बराच पल्ला निघून गेलेला असतो. मी रूढीवर बोलायला आलेले नाही. पण उंबरा ओलांडायचा नसेल तर ग्लुकोमीटर घेऊन सिस्टर उंबऱ्याच्या आत जाऊ शकते, आणि डोळ्यांच्या तारखेसाठी दवाखान्यात जाण्याला अपवाद करा असं घरातल्या वडीलधाऱ्यांना विनवून सांगू शकते. बहुतेक वडीलधारे ऐकतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आणखी एक वाट औषधांची. झोप येत नाही, जीव घाबरतो म्हणून गोळी सुरू होते. नैराश्यावरच्या काही जुन्या गोळ्यांनी जवळचं धूसर दिसतं, तोंड कोरडं पडतं. ज्यांच्या डोळ्यातला पाण्याच्या निचऱ्याचा कोन मुळातच अरुंद आहे, त्यांना अशा गोळ्यांनी काचबिंदूचा तीव्र झटका येऊ शकतो. उलटही होतं. काचबिंदूवरचे टिमोलॉलचे थेंब नाकाच्या वाटेने रक्तात उतरतात, नाडी मंद करतात आणि दम्याच्या माणसाला धाप लावतात. ती धाप ‘टेन्शनची’ म्हणून सोडून दिलेली मी पाहिली आहे. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा मिनिट-दोन मिनिटं बोटाने दाबून धरला तर औषध रक्तात कमी जातं. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्यायची. नर्सिंगच्या पहिल्या वर्षातलं हे ज्ञान आहे, पण ते घरापर्यंत पोहोचलेलं नाही.

आता दुसऱ्या बाजूचा धोका. शोकाची आणि ताणाची भाषा आपल्या तोंडी इतकी रुळली आहे की डोळ्याची खरी आणीबाणीही तिच्याखाली दडते. संध्याकाळी डोकं फुटायला लागतं, उलट्या होतात, डोळा लाल होतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. हा काचबिंदूचा तीव्र झटका आहे. काही तासांत उपचार झाले नाहीत तर त्या डोळ्याची नजर जाऊ शकते. पण उलट्या आहेत म्हणून पित्ताची गोळी दिली जाते, आणि घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर ‘जागरण झालंय’ म्हणून झोपवलं जातं. एका डोळ्यावर पडदा ओढल्यासारखा अंधार येऊन पाच-दहा मिनिटांत निघून गेला, तर माणूस हुश्श करतो. तो मात्र पक्षाघाताचा इशारा असू शकतो आणि माणसाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यायला हवं. गरोदर बाईला सातवा-आठवा महिना चालू आहे, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, तर आधी बीपी बघायचं आणि लघवीतलं प्रोटीन तपासायचं. ‘सासरी कटकट आहे का’ हा प्रश्न त्यानंतर. साठीपुढच्या माणसाची कानशिलं दुखतात, चावताना जबडा भरून येतो आणि नजर मंदावते, तेव्हा रक्तवाहिनीला सूज असू शकते आणि उशीर झाला तर दुसराही डोळा जातो. क्षयाच्या औषधांत इथांब्युटॉल असतं. त्याने क्वचित नजरेच्या मज्जातंतूला इजा होते आणि आधी लाल-हिरव्या रंगांतला फरक पुसट होतो. मुंबई आणि तिच्या उपनगरांत क्षयाचे इतके रुग्ण आहेत की डॉट्सची गोळी देताना ‘सिग्नलचे रंग नीट दिसतात ना?’ हे विचारणं सवयीचं झालं पाहिजे.

याउलट एक आजार खरोखर ताणाशी जोडलेला आहे. पडद्याच्या मध्याखाली पाणी साचतं, नजरेच्या मधोमध करडा गोल डाग दिसतो, सरळ रेषा वाकड्या दिसतात. तीस ते पन्नास वयातल्या पुरुषांत तो जास्त आढळतो, आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांत. बहुतेकांचा तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतो. रोज दोन-दोन तास लोकलला लटकणाऱ्या, नोकरी जाण्याच्या भीतीत जगणाऱ्या माणसाला हे समजावून सांगताना ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणण्याचा उपयोग नाही. झोप, स्टिरॉइडची औषधं, अगदी त्वचेची क्रीमसुद्धा, याची नीट विचारपूस करून डॉक्टरांना कळवणं उपयोगी पडतं.

या सगळ्यात नर्सचं म्हणून वेगळं काय? डॉक्टर डोळा तपासतात, यंत्रं पडद्याचे फोटो काढतात. नर्सकडे रुग्णाचे शब्द असतात. ‘धुरकट दिसतं’, ‘जाळं आलंय’, ‘माशी फिरते’, ‘पडदा पडला’, ‘एकाचे दोन दिसतात’, ‘अर्धंच दिसतं’. यातला प्रत्येक शब्द वेगळ्या ठिकाणी बोट दाखवतो. हँडओव्हर देताना आपण ते सगळे ‘व्हिजन कमी’ या दोन शब्दांत कोंबतो आणि पुढच्या पाळीला काहीच कळत नाही. रुग्ण बोलला तसं केस पेपरवर लिहा. एक डोळा झाकून विचारा, मग दुसरा झाकून विचारा. कधीपासून, एकदम की हळूहळू, दुखतं का, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. पक्षाघात झालेले काका ताटातली अर्धीच भाजी खातात आणि बायको म्हणते, माझ्या हातची चव त्यांना नकोशी झाली. त्यांना ताटाची डावी बाजू दिसतच नाही, हे पहिल्यांदा ओळखते ती ताट उचलणारी मावशी किंवा सिस्टर. ताट फिरवून ठेवलं की काका जेवतात. त्या बायकोच्या मनावरचं ओझंही तिथेच उतरतं.

भाईंदर पश्चिमेसाठी म्हणून वेगळं पुस्तक कशाला, असं मला विचारलं गेलं. २०११च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती आठ लाखांच्या वर होती आणि तेव्हापासून इमारती वाढतच आहेत. टेंबा इथलं भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय हा इथल्या गरीब माणसाचा आधार आहे. तरी डोळ्याच्या मोठ्या उपचारांसाठी लोक अजून मुंबईची वाट धरतात. सरकारी रुग्णालयात दुपारी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातलेली बाई गर्दीच्या लोकलने भाईंदरला परत येते तेव्हा तिला प्लॅटफॉर्म आणि गाडी यांतली फट धड दिसत नसते. थेंबांचा अंमल काही तास राहतो, उन्हात डोळे दिपतात. ओपीडीची तारीख देतानाच ‘सोबत कुणीतरी आणा, काळा चष्मा आणा’ हे सांगणं परिचर्येचाच भाग आहे. आणि जिला सोबत आणायला माणूसच उरलेला नाही, ती तारीखच चुकवते. इथे शोक आणि नजर पुन्हा एकत्र येतात.

मिठागरांत आयुष्य काढलेली माणसं मुर्धा-राईच्या बाजूला अजून आहेत. उन्हाचा, मिठावरून परतणाऱ्या लख्ख उजेडाचा मारा वर्षानुवर्षं सोसलेल्या डोळ्यांत बुबुळावर मांस वाढतं, मोतीबिंदू लवकर येतो. मोतीबिंदूला लोक अजून ‘पिकू दे’ म्हणून थांबतात. तसं थांबायची गरज आता राहिलेली नाही, आणि फार थांबलं तर शस्त्रक्रिया अवघड होते. उत्तन, पाली, चौक इथल्या कोळीवाड्यांतलं दुःख आणखी वेगळं आहे. समुद्रात गेलेला माणूस परत आला नाही आणि देहही मिळाला नाही, तर घर शोक तरी कुठून सुरू करणार? अमेरिकेतल्या पॉलिन बॉस यांनी अशा अनिश्चित वियोगाचा अभ्यास केला. बेपत्ता माणसाच्या घरातला शोक संपत नाही, कारण तो सुरूच होऊ शकत नाही, असं त्यांच्या कामातून दिसतं. अशा घरातल्या बाईला ‘आता सावर’ म्हणू नये. ती रोज किनाऱ्याकडे बघते, यात वेडेपण काही नाही.

११ जुलै २००६ या तारखेबद्दल लिहिल्याशिवाय इथली प्रस्तावना पुरी होणार नाही. त्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. त्यातला एक स्फोट मीरा रोड आणि भाईंदरच्या दरम्यान झाला. स्फोटातल्या जखमीला हात-पाय आहेत की नाहीत हे सगळे बघतात, डोळ्याकडे लक्ष उशिरा जातं. काच किंवा पत्रा डोळ्यात रुतला असेल तर तो काढायचा नाही, पुसायचं नाही, धुवायचं नाही, कापूस दाबून पट्टी बांधायची नाही. कागदी पेल्यासारखं काहीतरी डोळ्यावर अलगद उपडं ठेवून, दाब न येता चिकटवून, माणसाला बसतं करून न्यायचं. चुना किंवा ॲसिड उडालं असेल तर मात्र याच्या बरोब्बर उलट, ताबडतोब आणि भरपूर पाण्याने धुवत राहायचं. हे दोन नियम पाठ असावेत. आणि मग येतात पुढची वर्षं. जुलै आला, पहिला मोठा पाऊस झाला, की त्या डब्यातून वाचलेल्या माणसाला झोप येत नाही. तो डोळ्यांची तक्रार घेऊन येतो, तपासणीत काही निघत नाही. ‘काही नाही, सगळं नॉर्मल आहे’ एवढं सांगून त्याला परत पाठवणारी सिस्टर खोटं बोललेली नसते, पण तिने तारखेकडे पाहिलेलं नसतं. केस पेपरवर आजची तारीख असते, ती माणसाच्या आयुष्यातली कुठली तारीख आहे हेही विचारायला हवं.

या पुस्तकातलं सर्वांत मोलाचं प्रकरण मला भासांवरचं वाटतं. नजर बरीच गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना काही वेळा नसलेल्या गोष्टी स्पष्ट दिसतात. रंगीत फेटे बांधलेली माणसं, लहान मुलं, फुलांच्या वेली, भिंतीवर जाळीदार नक्षी. आवाज येत नाही, चित्रं गप्प असतात. १७६० मध्ये स्वित्झर्लंडच्या शार्ल बॉने यांनी आपल्या आजोबांचे असे अनुभव लिहून ठेवले, म्हणून या भासांना बॉने यांचं नाव आहे. डोळ्यांकडून संदेश यायचे थांबले की मेंदूतला दृष्टीचा भाग आपणहून चित्रं तयार करतो, असं आज समजलं जातं. म्हणजे बिघाड नजरेत आहे, बुद्धी शाबूत आहे. पण आजी हे कुणाला सांगणार? सांगितलं तर घरचे एकतर मनोरुग्ण ठरवतील किंवा भगताकडे नेतील.

दुसरीकडे, ज्यांची नजर उत्तम आहे पण जोडीदार गेला आहे, अशांनाही तो दिसतो. वेल्समधले डॉक्टर ड्युई रीस यांनी १९७१ मध्ये त्यांच्या भागातल्या २९३ विधवा-विधुरांशी बोलून लिहिलं की जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचा भास झाला होता. कुणाला तो दिसला होता, कुणाला ऐकू आला होता, बहुतेकांना तो जवळ आहे असं नुसतं जाणवलं होतं. त्यातल्या बहुतेकांनी ते तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि अनेकांना त्याने बरंच वाटलं होतं. आता ज्या आजीची नजरही गेली आहे आणि आजोबाही गेले आहेत, तिला आजोबा खुर्चीत बसलेले दिसले तर ते कशामुळे? मला वाटतं, याचं उत्तर लगेच शोधू नये. आधी विचारावं:

‘आजी, तुम्हाला कोण दिसतं?’

‘हे. काही बोलत नाहीत. बसून असतात.’

‘भीती वाटते का तुम्हाला?’

‘यांची कसली भीती बाई?’

इतकं बोलणं झालं की अर्धी परिचर्या झाली. मग सांगायचं की डोळे कमी झाले की असं बऱ्याच जणांना दिसतं, तुम्हाला वेड लागलेलं नाही. दिवा लावला, नजर इकडून तिकडे वळवली, पापण्या मिटून उघडल्या की चित्र जातं, घालवायचं असेल तर. घालवायचं नसेल तर राहू द्या. मात्र भास एकाएकी सुरू झाले, ताप आहे, दिवस-रात्रीचा गोंधळ होतोय, आवाज येऊन काही करायला सांगतायत, हातापायाला कंप किंवा विस्मरण आहे, तर ही गोष्ट वेगळी. लघवीच्या जंतुसंसर्गाने किंवा शरीरातलं सोडियम उतरल्यानेही म्हातारी माणसं असं बोलतात आणि त्यांना तातडीने डॉक्टर लागतात. पितृपक्षात अशा गोष्टी घराघरांत ऐकू येतात. श्रद्धेला धक्का न लावता हा फरक ओळखता येतो, आणि तो ओळखायला शिकवणं हे या प्रकरणाचं काम आहे.

२०२१च्या उन्हाळ्याबद्दल थोडं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने महाराष्ट्रात हाहाकार केला. मधुमेह, स्टिरॉइड आणि कोविड यांनी खचलेल्या शरीरात ती नाकातून डोळ्याकडे, तिथून मेंदूकडे चढायची. पापणी खाली येते, एकाचे दोन दिसतात, गाल बधिर होतो, नाकातून काळपट स्राव येतो. या खुणा रात्रपाळीच्या सिस्टरने ओळखल्या तर जीव वाचायचा. कित्येकांचा जीव वाचवायला अख्खा डोळा काढावा लागला. त्यातल्या अनेकांच्या घरात त्याच आठवड्यांत दुसरं कुणीतरी कोविडने गेलेलं होतं आणि अंत्यदर्शनही झालं नव्हतं. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न डोळ्याचा नसायचा, ‘बाबा कुठे आहेत?’ असा असायचा. त्या क्षणी काय बोलायचं हे आम्हाला कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवलेलं नव्हतं.

शोकाबद्दल जे शिकवलं गेलं त्यातलंही बरंच अर्धवट होतं. नाकारणं, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार हे पाच टप्पे पाठ करून आम्ही परीक्षा दिल्या. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी ते १९६९ मध्ये मांडले ते मरणाच्या वाटेवर असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी ते टप्पे एकामागून एक चढलेच पाहिजेत असं ठरवणं अन्यायाचं आहे. मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं मला जास्त पटतं. शोकातलं माणूस दोन कामांमध्ये येरझारा घालतं, कधी गेलेल्याकडे वळतं, कधी रोजच्या जगण्याकडे. सकाळी फोटोपुढे रडणारी बाई दुपारी गॅसच्या नंबरावरून भांडते, यात ढोंग नाही. नजर गमावणाऱ्यालाही हेच लागू आहे. तो एक दिवस पांढरी काठी घेऊन चालायचा सराव करतो आणि दुसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. त्याच्या घरात कुणी मेलेलं नसतं, म्हणून त्याच्या शोकाला सांत्वनाला येणारे पाहुणेही नसतात. पेपर वाचणं गेलं, सुई ओवणं गेलं, नातवाचा चेहरा गेला. एकेकाचा वेगळा शोक होतो आणि त्याला वेळ द्यावा लागतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी परिचर्येवरच्या आपल्या पुस्तकात रुग्णाला पोकळ आशा आणि फुकटचे सल्ले देण्याविरुद्ध एक सबंध प्रकरण लिहिलं. ते लिहून दीडशेहून अधिक वर्षं झाली आणि आपण अजून ‘सगळं ठीक होईल’ म्हणतो.

शोक कधी आजार होतो याचाही विचार पुस्तकात केला आहे. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या, म्हणजे आयसीडीच्या, २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाला स्वतंत्र स्थान दिलं आहे. किमान सहा महिने उलटून, आणि त्या समाजाच्या रीतीचा विचार करूनही, माणूस त्याच तीव्रतेने ओढला जात असेल, जगणं ठप्प झालं असेल, तर मदत हवी. ‘मलाही जायचंय’ हे शब्द आले तर सहा महिने वगैरे काही बघायचं नाही, माणसाला एकटं सोडायचं नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवस-रात्र विनामूल्य चालू असतो, मराठीत बोलता येतं. तो मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापायला मीच आग्रह केला.

परिचारिकांचं ज्ञान म्हणजे काय, याचा पुरावा मागितला तर मी अरुणा शानभाग यांच्या खोलीकडे बोट दाखवीन. परळच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने तिची नजर गेली. डोळे चांगले, पण मेंदूतला पाहणारा भाग निकामी. अशा रुग्णाच्या बाहुल्या उजेडाला आकसतात, म्हणून वरवर पाहणाऱ्याला वाटतं की दिसतंय. त्यानंतर जवळजवळ बेचाळीस वर्षं, १८ मे २०१५ पर्यंत, केईएमच्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. पिढ्या बदलल्या, सांभाळणाऱ्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा या परिचारिकांनी आपलं म्हणणं ठामपणे मांडलं. तिला काय खायला आवडतं, खोलीत गर्दी झाली की ती कशी बिथरते, कुठल्या स्पर्शाने शांत होते, भजनं लागली की चेहरा कसा बदलतो, हे त्यांना माहीत होतं. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने तो अर्ज फेटाळला आणि तिच्याबद्दल बोलण्याचा अधिकार तिची सेवा करणाऱ्या रुग्णालयाच्या लोकांचा मानला. त्या निकालाच्या कायद्याच्या बाजूवर मतं वेगळी असू शकतात. मी इथे एवढंच म्हणते की दिसत नसलेल्या, बोलता येत नसलेल्या माणसाचा ताण, भीती आणि समाधान ओळखण्याचं एक शास्त्र त्या खोलीत चार दशकं घडत होतं आणि ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात उतरलं नाही. त्या परिचारिकांचा शोकही कुणी मोजला नाही. रुग्ण गेला की आपण अंथरूण बदलतो, पुढचा रुग्ण घेतो. आपणही कुणालातरी गमावलंय असं म्हणायला ड्युटीच्या तक्त्यात जागा नाही. पुस्तकाच्या आठव्या प्रकरणात इथल्या परिचारिकांनी आपापल्या अशा रुग्णांविषयी लिहिलं आहे, नावं न देता. ते प्रकरण घाईत वाचू नका.

शेवटचं प्रकरण नेत्रदानाचं. शोकाचा पहिला तास आणि नजरेचा विचार जिथे एकाच वेळी करावा लागतो असं हे एकमेव काम. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत बुबुळं घ्यावी लागतात. तोवर पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी घेऊन डोकं थोडं उंच ठेवायचं. चष्मा होता, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, मधुमेह होता, तरी नेत्रदान होतं. नको असतं ते रेबीज, एचआयव्ही, काविळीचे बी आणि सी प्रकार, रक्तातला जंतुसंसर्ग अशा वेळी. माहिती इतकीच आहे. अवघड असतं ते विचारणं. घरातल्या रडणाऱ्या माणसांमधून नेमकं कुणाला बाजूला घ्यायचं, उभं राहून बोलायचं की बसून, ‘नाही’ आलं तर चेहऱ्यावर नाराजी कशी येऊ द्यायची नाही, हे या प्रकरणात बारकाईने आलं आहे. होकार-नकार काहीही असो, घरातून निघण्यापूर्वी सिस्टरने औषधांची फळी एकदा बघावी. तिथे मागे राहिलेल्या माणसाच्या थेंबांची बाटली असेल तर ती घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यावी, वेळ सांगावी, आणि एक थेंब त्याच्याकडून आपल्यासमोर घालून घ्यावा.